सहावा नियम

“पट्टी काढावी लागेल,” मी म्हणालो.

धनपालला वाटलं, मी चेष्टा करतोय. तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून उभा होता. सकाळी घरातून निघताना जे हसू होतं तेच अजून तोंडावर होतं.

“कुठली पट्टी?”

“हुकाच्या मानेवरची. चौथा नियम वाच. हुकाला जोड द्यायची तर नट-बोल्टनं द्यायची. मानेवर वेल्डिंग चालत नाही.”

तो जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, “अण्णा, मी धनपाल हाय.”

जणू मी त्याला ओळखलंच नव्हतं. माझा सख्खा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेला यायचा आणि रस्ताभर घंटी वाजवून माझं डोकं उठवायचा. त्याला मी ओळखलं होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांनीही ओळखलं होतं, आणि अडचण तीच होती.

माळसांगवीच्या यात्रेत दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ओढायची स्पर्धा असते. चाकं नसलेला एक लोखंडी गाडा असतो. त्यावर वाळूची पोती रचायची, तो साखळीनं ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला अडकवायचा आणि ओढायचा. जो जास्त फूट ओढेल तो जिंकला. दर फेरीला पोती वाढत जातात. ट्रॅक्टर केवढाही असो, सगळा ताण शेवटी त्या वीतभर हुकावर येतो. आमच्याकडची माणसं इंजिनाला नवस बोलतील, टायरला नारळ फोडतील, पण हुकाकडे वाकून बघणारा विरळा.

मी धनपालला अडवलं त्याच्या दोन वर्षं आधी एका गड्याचा हूक तुटला आणि तुकडा लोकांच्या डोक्यावरून जाऊन भज्यांच्या गाड्याच्या पत्र्यात घुसला. कुणाला लागलं नाही. बाकीचे हसून मोकळे झाले. एकटा आदगोंडा चौगुले त्या संध्याकाळी माझ्या घरी आला. आदगोंडा शाळेत माझ्या बाकावर बसायचा. पुढे तो प्राथमिक शाळेत गुरुजी झाला, मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायला लागलो. स्पर्धेत गाड्याच्या बाजूनं चालत निशाण दाखवायचं काम त्याचं.

“पत्र्याच्या जागी माझं डोस्कं असतं तर?” तो म्हणाला. “तू पोरांना लोखंड शिकवतोस आणि यात्रेत नुसता भेळ खात फिरतोस. नियम लिही. मी कमिटीकडनं पास करून घेतो.”

मी पाच नियम लिहिले. जमिनीपासून हुकाची उंची वीस इंचांच्या वर नको, कारण हूक जास्त वर असला की ट्रॅक्टर मागं उलटतो. मानेची जाडी किती हवी ते लिहिलं. पिनेला कुलूप हवं. चौथा हा वेल्डिंगचा. आणि पाचवा असा की तपासलेल्या हुकावर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा, ठिपका नसेल तर साखळी अडकवायची नाही. आदगोंडानं ते पाच नियम आपल्या वळणदार अक्षरात फळ्यावर लिहून मैदानाच्या तोंडाशी लावले. तपासनीस कोण, तर मी.

वेल्डिंगवर बंदी घालायचं कारण सोपं होतं. कोण कुठं काय चिकटवून आणेल याचा नेम नसतो. वरून गुळगुळीत दिसणारं वेल्डिंग आतून पोकळ असतं, आणि मैदानात उभं राहून ते आत शिरून बघता येत नाही. म्हणून सरसकट नाही.

पण धनपालच्या हुकावरची पट्टी मी बघितली होती. एक नंबरचं काम होतं. मी स्वतः केलं असतं तर तेवढंच झालं असतं, कदाचित थोडं कमीच.

“इचलकरंजीच्या दत्तू मिस्त्रीनं केलंय,” धनपाल म्हणाला. “आधी तापवून घेतलं, मग जोडलं, मग रातभर राखेत पुरून गार केलं. तूच मला सांगितलंवतंस की, असं करायचं असतं म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“मग?”

मागं कुणीतरी खाकरलं. सकाळपासून मी तिघांना याच कारणासाठी परत पाठवलं होतं. त्यातला कुरुंदवाडचा एक दांडगा गडी अजून तिथंच घोटाळत होता. तो शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “आता बघू की सरांचा नियम. भावाला लागू हाय का आमालाच.”

“नियम नियम आहे,” मी म्हणालो. “पट्टी काढ, नाहीतर दुसरा हूक आण.”

“दुसरा हूक जयसिंगपुरात मिळणार. जाऊन यायला तास. माझा नंबर अर्ध्या तासात हाय.”

“मग पट्टी काढ. मूळचा हूक नियमात बसतो.”

हे मीच सुचवलं. पुढं अनेकांनी अनेक तऱ्हांनी ती हकिकत सांगितली, पण हे वाक्य माझं होतं.

कुरुंदवाडचा गडी मोठ्यानं म्हणाला, “सर म्हंजे सर! मानलं!” चारदोन जणांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांनी धनपालचं हसू गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी चार वर्षं रोज बघितली होती.

ते सांगायला हवं. आमची वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाळीवरून बोलाचाली झाली. कुणाचे दिवस किती, एवढीच गोष्ट. पण मी मास्तरकीच्या तोऱ्यात काहीतरी बोलून गेलो, तो काहीतरी बोलला, आणि घराच्या मधोमध भिंत उठली. चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एका अंगणात दोन तोंडं दोन दिशांना. मी सायकल काढताना तो ट्रॅक्टर पुसत असायचा आणि मान वर करून असा बघायचा, जसं गावात आलेल्या परक्या माणसाकडं बघतात. आई गेली तेव्हासुद्धा आम्ही तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मला दुसरा भाऊ नाही, बहीण नाही. त्या चार वर्षांत मी आतून किती वाळलो ते माझं मला ठाऊक.

आणि त्या दिवाळीला तो आपण होऊन दारात आला. “अण्णा, ट्रॅक्टर सुरू होईना. बघतोस काय जरा?” मी बघितलं. एक वायर निघाली होती. निघाली कसली, त्यानंच काढून ठेवली होती. मी ती जोडली, ट्रॅक्टर सुरू झाला, तो म्हणाला, “च्या घेऊन जा.” मी चहा प्यायला बसलो आणि तिथून रात्री जेवूनच उठलो. त्याला आता कुठं पाच महिने झाले होते. स्पर्धेत उतरायचं खूळ त्यानं त्यानंतरच घेतलं. रोज संध्याकाळी माळावर सराव, मी बांधावर बसून बघायचो. मला वाटतं, जिंकण्यापेक्षा त्याला मी तिथं बसलेला हवा होतो.

“बरं,” धनपाल म्हणाला. “काढतो.”

मैदानाच्या कडेला एक गॅस कटरवाला बसला होता. यात्रेत असतातच असे, कुणाचं काही मोडलं-तुटलं की दोन मिनिटांत कापून जोडून देणारे. धनपालनं हूक सोडवला आणि तिकडे नेला. मी टेबलाशी येऊन बसलो. चाळीसएक पावलांचं अंतर असेल. चैत्राचं ऊन, वर धूळ, आणि ट्रॅक्टरच्या धुरानं घसा खरवडून निघत होता. आदगोंडा दोन फेऱ्यांच्या मधे पाणी प्यायला आला.

“भावाला अडवलास म्हणं?”

“अडवला.”

“बरं केलंस.” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “रुसला असंल.”

“रुसलाय.”

“रुसंना. निवंल,” असं म्हणून निशाण खांद्यावर टाकून तो परत गेला.

स्पीकरवर धनपालचा नंबर पुकारला. दहा मिनिटांत आला नाही तर बाद, असंही पुकारलं. मी तिकडं बघितलं. कटरवाल्यानं पट्टी कापून काढली होती आणि हुकाची मान लालबुंद झाली होती. असा हूक हाताळायचा म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास तसाच सोडायला हवा. धनपालनं इकडंतिकडं बघितलं, पिंपातून बादली भरली आणि हुकावर ओतली.

चर्र असा आवाज झाला. तो मला टेबलापाशी स्वच्छ ऐकू आला. पांढरी वाफ त्याच्या डोक्यापर्यंत गेली.

आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात मी जे शिकवतो ते हेच. लाल झालेल्या पोलादावर पाणी पडलं की ते कडक होतं, आणि कडक झालेलं पोलाद वाकत नाही, ताणही सोसत नाही, एकदम तुटतं. पोरांना पटावं म्हणून मी एक सळई लाल करून पाण्यात बुडवतो आणि हातोडीच्या एका टोल्यानं तिचे दोन तुकडे करून दाखवतो. दर वर्षी पोरं तोंडात बोटं घालतात.

धनपाल हूक चढवून मला बोलवायला आला. चेहरा बराचसा निवळला होता. “चल अण्णा, बघ आता. पट्टी न्हाई, काय न्हाई.”

मी गेलो. हूक ओला आणि गार होता. मी उंची मोजली, साडेएकोणीस. मानेची जाडी मोजली, बरोबर होती. पिनेला कुलूप होतं. पट्टी कापली होती तिथं निळसर झाक आली होती.

“पाणी ओतलंस?” मी विचारलं.

“दिलं की पाणी!” तो म्हणाला. “लोहार विळ्याला देतोय तसं. उलट आता जास्तच कडक झाला असंल.”

तो खुशीत होता. त्याचं चुकलंही नव्हतं, म्हणजे त्याला माहीत होतं तेवढ्यापुरतं. आमच्याकडं लहानपणापासून सगळ्यांनी लोहाराच्या भट्टीपाशी उभं राहून बघितलेलं असतं, लाल विळा पाण्यात जातो आणि बाहेर येतो तो चांगला होऊन येतो. विळ्याला धार धरायची असते. हुकाला ओढ सोसायची असते. हा फरक आमच्या गावात एका माणसाला ठाऊक होता.

माझ्या खिशात कानस असायची. मी ती काढली आणि हुकाच्या मानेवर एकदा फिरवली. लोखंड मऊ असेल तर कानस धरते, कीस पडतो. ती धरली नाही. काचेवरून फिरावी तशी घसरली.

“काय झालं?” धनपालनं विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. स्पीकरवर नंबर दुसऱ्यांदा पुकारला. कुरुंदवाडचा गडी आता माझ्या बाजूचा झाला होता, तो म्हणाला, “सर, झालं की आता. आता तरी सोडा त्याला.” सगळे हसले. धनपालही हसला, आणि ते हसू मला हवं होतं. मघाशी गेलेलं ते परत आलं होतं. मी पुन्हा नाही म्हटलं तर ते जाणार, आणि या वेळी किती वर्षांसाठी जाणार हे मी मनातल्या मनात मोजत होतो. चार? दहा? आईसारखा मी जाईन तेव्हा तो कुठल्या बाजूला बसेल?

पाचही नियमांत हूक बसत होता. पाण्याबद्दल मी काही लिहिलंच नव्हतं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि पिवळा ठिपका लावला.

तो चढून बसला. बसताना वळून त्यानं मला हात केला.

पहिले शंभर फूट गाडा सहज सरकला. मग ट्रॅक्टर हुंकारायला लागला, मागची चाकं माती उकरायला लागली, पुढची जमिनीपासून उचलली. लोक ओरडत होते. मी ओरडत नव्हतो. मी हुकाकडे बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, बंद पड, इंजिन बंद पड. दीडशे. एकशे साठ. आदगोंडा गाड्याच्या पुढच्या कोपऱ्यापाशी निशाण धरून चालत होता. एकशे ऐंशी.

एक बारीकसा आवाज आला. एखादं भांडं ओट्यावर आपटावं एवढाच. ट्रॅक्टरची पुढची चाकं धाडकन खाली आली आणि साखळी मागं उसळली. तिच्या टोकाला हुकाचं तुटकं डोकं होतं. निशाण खाली पडलं ते मला दिसलं. आदगोंडा एका गुडघ्यावर बसला, अगदी सावकाश, जशी माणसं जमिनीवर पडलेलं काही उचलायला बसतात.

त्याला जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. धनपाल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

मी मागं राहिलो. हुकाचा तुकडा मातीत पडला होता, तो उचलला. लोखंड ताणून तुटलं तर तोंड ओढल्यासारखं, निमुळतं होतं. हे तोंड सपाट होतं, आणि साखरेसारखं कणीदार. कमिटीचे आप्पासाहेब खोत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हातारा माणूस.

“काय दिसतंय सर?”

“लोखंडात दोष असणार,” मी म्हणालो. “आतला. वरून दिसत नाही.”

“हूक नियमात होता न्हवं?”

“होता.”

“मग काय करणार,” ते म्हणाले. पंचनाम्यातही तसंच आलं. तपासनिसाने हूक तपासला होता, हूक नियमात होता. एकही शब्द खोटा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. आदगोंडाची बायको, रत्नावहिनी, दाराशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि बाजूला सरकल्या. आदगोंडाचा आवाज पार खोल गेला होता. मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“हूक तपासलावतास?”

“तपासला होता.”

“नियमात होता?”

“होता.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, “मग आपला नियम कुठंतरी कमी पडला सुकुमार. काय कमी पडलं ते हुडक. आणि लिही. पुढच्या साली कुणाला लागाय नको.”

संध्याकाळी तो गेला. शेवटपर्यंत तो माझ्या नियमावर विचार करत होता, माझ्याबद्दलचा संशय त्याच्या मनाला शिवला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात चांगलं. कारण धनपाल माझ्या जवळ आला तो इतका की पूर्वी कधी नव्हता. गावात कुणी चकार शब्द काढला की तो अंगावर जायचा. “अण्णानं मला अडवलंवतं. सख्ख्या भावाला अडवलंवतं. असला सरळ माणूस दाखवा एक.” मधल्या भिंतीला त्यानं दार पाडून घेतलं. रोज संध्याकाळी चहाला यायचा. मी गप्प गप्प असतो म्हणून माझीच समजूत घालायचा. “लोखंडाच्या पोटात काय हाय, कुणाला दिसतंय अण्णा? मनाला लावून घेऊ नगंस.”

रत्नावहिनींची दोन एकर जमीन तो फुकट नांगरून द्यायचा. पेरायला जायचा, पाणी पाजायला जायचा. “माझ्या हुकानं गेला,” म्हणायचा, “तेवढं केलं पायजे.” वहिनी त्याला जेवायला वाढायच्या. तो जेवायचा आणि घरी येऊन त्यांच्या हातच्या आमटीचं कौतुक सांगायचा. त्याच्या मनाला दुःख होतं, पण ओझं नव्हतं. रात्री त्याला झोप लागायची. भिंतीपलीकडून त्याचं घोरणं मी ऐकत पडायचो.

पुढच्या फाल्गुनात आप्पासाहेबांनी निरोप धाडला. आदगोंडाच्या नावानं ढाल ठेवून स्पर्धा पुन्हा घ्यायची ठरली होती. नियमांचा कागद या वर्षी छापून वाटायचा होता. “तेच पाच छापू, का काय घालायचंय?”

मी थांबा म्हणालो. घरी येऊन कागद पुढं घेतला आणि लिहिलं, हूक सुस्थितीत असावा. मग ते फाडलं. चार-पाच दिवस मी लिहायचो आणि फाडायचो. पाच नियम तसेच ठेवले तर कुणी मला विचारणार नव्हतं. आदगोंडाही विचारायला येणार नव्हता.

आठवड्यानं बाजारात तो कुरुंदवाडचा गडी भेटला. मोठ्या आदरानं नमस्कार केला. म्हणाला, “सर, औंदा मी बी हुकाला पाणी दिलंय. विळ्यागत. धनपालचा पाणी दिल्याला हूक एकशेऐंशी फूट गेला की. लोखंडात दोष नसता तर पैलाच होता त्यो.” आणखी तिघाचौघांनी तसंच केल्याचं त्यानं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी सहावा नियम लिहिला. हूक किंवा त्याची मान तापवल्यावर पाण्याने गार केली असल्यास तो हूक बाद धरावा. असा हूक कडक होतो व ताण पडताच एकदम तुटतो. तपासनिसाने मानेवर कानस फिरवून पाहावी, कानस घसरल्यास ठिपका लावू नये. लिहून झालं तसा कागद छापखान्यात दिला. उद्यावर टाकलं असतं तर पुन्हा फाडला असता.

छापलेला गठ्ठा आला तो धनपालच घेऊन आला. आप्पासाहेबांनी त्याच्याच ट्रॅक्टरवर पाठवून दिला होता. चहाची वेळ होती. त्यानं गठ्ठा सोडला, वरचा कागद काढला, बशीत चहा ओतला आणि वाचायला लागला. तो मोठ्यानं वाचतो, बोट फिरवत. पाच नियम वाचून झाले. सहावा अर्धा वाचला आणि आवाज थांबला. बोट मात्र शेवटपर्यंत गेलं. मग परत पहिल्या शब्दावर आलं.

“पाणी मी ओतलंवतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मी तुला म्हणालो पण. पाणी दिलंय म्हणून.”

“हो.”

“तू कानस फिरवलीस.” तो आठवून आठवून बोलत होता. “मी विचारलं, काय झालं. तू म्हणालास, काय न्हाई.”

मी मान हलवली.

“म्हंजे आदगोंडा माझ्यामुळं गेला.”

“नाही. तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.”

“मग बोलला का न्हाईस?”

मी वर्षभर या प्रश्नाची उत्तरं जुळवत होतो. वेळ नव्हता, नियम नव्हता, खात्री नव्हती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

“तू बोलायचा बंद झाला असतास,” मी म्हणालो. “परत. एकदा अडवलं होतं तुला, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्यांदा अडवायचं धाडस झालं नाही. चार वर्षं काढली होती मी धनपाल. परत नव्हती काढायची मला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर मला कळलं असतं. त्याला खरंच समजत नव्हतं.

“एवढ्यासाठी?” तो म्हणाला.

मी गठ्ठ्याची सुटलेली दोरी गुंडाळत बसलो.

“अण्णा, मी दोन दिवस रुसलो असतो. लईत लई आठ.” त्याचा आवाज फाटला. “आरं, आठ दिवस रुसलो असतो रं मी.”

बशीतला चहा तसाच होता. त्यानं कागदाची नीट घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली आणि भिंतीतल्या दारातून पलीकडं गेला. थोड्या वेळानं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तो रत्नावहिनींच्या घराकडं गेला होता. त्यांना त्यानं काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब माझ्याकडून पिवळ्या रंगाचा डबा मागून घेऊन गेले. तपासनीस आता मी नव्हतो.

याला आता अठरा वर्षं झाली. सहा नियमांचा तो कागद आमच्याकडच्या चार तालुक्यांत चालतो. हूक तुटून कुणी दगावल्याचं त्यानंतर कानावर नाही. कागदावर खाली माझं नाव असतं, ते कुणी काढलं नाही. रत्नावहिनींची जमीन अजून धनपालच नांगरतो, पण त्यांच्या घरी जेवायला बसत नाही असं ऐकतो. भिंतीतलं दार त्यानं विटा लावून बंद केलं नाही. ते नुसतं लोटलेलं आहे, आणि तिकडून ते कुणी उघडत नाही.

त्या संध्याकाळनंतर तो माझ्याशी बोललेला नाही.